मुखवट्यातला माइक

तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर बाबांचे बोलणे आम्हा घरच्यांनाच कसेबसे कळायचे. तरी गावच्या दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, राक्षस आपणच करणार, असे ते म्हणाले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. म्हणून मी राक्षसाच्या मुखवट्यात ओठांपाशी माइक आणि हनुवटीखाली छोटा स्पीकर बसवला. तपासायला माइकची एक वायर माझ्या इअरफोनला जोडली. मला वाटले होते, आवाज वाढला की बोलणे कळेल.

तालमीत आवाज मोठा आला, पण शब्द तसेच फुटके राहिले. तालीम घेणारे मास्तर जवळ आले.

"दादा, तुमी फक्त हातवारे करा. बाजूनं मी बोलतो."

"मंग मी कायले पायजे?" बाबांनी विचारले. मास्तरांना ते कळले नाही, मी सांगितले.

"तुमच्यावानी राक्षसाची चाल कोनाले येते जी?"

 मी मास्तरांच्या हाती दुसरा माइक दिला आणि मुखवट्यातला स्पीकर त्याला जोडला.

आता मुखवट्यातून मास्तरांचा खणखणीत आवाज आला. बाबांनी गदा उचलली. "आता वाटते राक्षस!" बघायला बसलेल्या बायका म्हणाल्या. बाबांचा माइक मात्र माझ्या कानाला जोडलेलाच होता. मास्तरांच्या प्रत्येक वाक्याच्या किंचित आधी बाबा तेच वाक्य आत बोलत होते. एकही शब्द गाळत नव्हते. प्रवेश संपेपर्यंत मी इअरफोन काढला नाही. त्यांना ऐकणारा तिथे मी एकटाच होतो.