मुऱ्हाळी कमान

अमडापूरच्या कडूबा लोहाराला मुलगा नव्हता. तेव्हा लेकीला, मनकर्णेला, सासरहून आणायला मुऱ्हाळी कोण जाणार, ही कुजबुज तिच्या लग्नाच्या मांडवातच झाली होती. कडूबा म्हणाला, मीच जाईन. पण जायचं कुठं? जावई इंद्रभान फिरत्या सिनेमाच्या लॉरीवर ड्रायव्हर, आणि दोघांचा संसारही त्याच लॉरीत. मागं मशीन, तंबू, पडदा. पुढच्या निम्म्यात फळ्या ठोकून केलेली खोली, तीत चूल नि बाज, आणि टपावर पाण्याचं पिंप. आज मलकापूर, परवा मेहकर. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर; मुऱ्हाळ्यानं कोणत्या गावची वाट धरावी?

वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपुरातून चाले आणि या लॉरीचा अकोल्यातून. अकोल्याचा मालक रजा म्हणून द्यायचा नाही. लग्नाला वर्ष होत आलं तरी लेक माहेरी आली नव्हती. कडूबाची बायको सुभद्राबाई तिच्या वाटणीच्या कुरडया डब्यात ठेवून दिवस मोजायची.

मग दिवाळीनंतर खामगावचा घाट चढताना लॉरीच्या चाकावरच्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, एक पाटा तुटला, आणि लेक न बोलावता दारात उभी राहिली. कडूबा तरुणपणी खामगावच्या गिरणीत कामाला होता, तिथल्या मोटारींच्या कमानी त्याच्या हाताखालून गेलेल्या. काम दोन दिवसांचं होतं, त्यानं चार दिवस लावले. मनकर्णा ऊन अंगावर येईपर्यंत झोपली, आईकडून डोक्याला तेल लावून घेतलं, कळण्याची भाकर आणि वांग्याचं भरीत पोटभर खाल्लं. पाचव्या दिवशी लॉरी गेली आणि घर ओकंबोकं झालं.

त्या चार दिवसांत कडूबानं एक गोष्ट केली. चांगली नव्हती, पण केली. पोलादाचा पाटा तापवून, बाक देऊन नेमक्या वेळी विझवला की त्याला पाणी चढतं. मग तो ओझं झेलून पुन्हा उठतो. पाणी कच्चं राहिलं तर तो लगेच मोडत नाही, हळूहळू बसत जातो. कडूबानं एक पाटा कच्चा सोडला. वर्षभरात बसेल आणि गाडी पुन्हा दाराशी येईल, एवढाच त्याचा अंदाज होता.

अंदाज बरोबर निघाला. दुसऱ्या वर्षी गाडी आली, तिसऱ्या वर्षीही आली. दर खेपेला कडूबा एक पाटा कच्चाच सोडायचा. सुभद्राबाई विहिरीवर बायांना कौतुकानं सांगायची, आमच्या लेकीले आणाले कमानच मुऱ्हाळी जाते. बाया हसायच्या. कडूबा मात्र अशा वेळी मान खाली घालून विळ्याला धार लावत बसायचा.

चौथ्या वर्षी लॉरी आली ती एका अंगाला कलून, म्हातारा काठीवर रेलतो तशी. मनकर्णा उतरली तेव्हा तिच्या कडेवर चार महिन्यांची मुलगी होती. आजीनं नात हिसकावूनच घेतली. कडूबाचं लक्ष मात्र पोरीच्या कपाळाकडे गेलं. भुवईच्या वर निळं टेंगूळ आलं होतं.

इंद्रभाननं सांगितलं, घाटाच्या वळणावर गाडी भलतीच झुलली, एक चाक दरीच्या काठाशी गेलं. खोलीत टांगलेली झोळी फळीवर आदळली. चाक सुटलं असतं तर, एवढं बोलून तो बिडी शोधू लागला.

कडूबाला भाकर गेली नाही. चांभाराची नजर जोड्यावर, तशी लोहाराची चाकांवर. कमानीखाली शिरून त्यानं बसलेला पाटा पाहिला आणि आपलाच हात ओळखला. लेकीच्या मायेपायी त्यानं लेकीचंच घर दरीच्या काठावर नेऊन ठेवलं होतं.

सकाळीच त्यानं चारही कमानी उतरवल्या. पाटे सुटे केले, मागच्या कमानींना दोन-दोन नवे लांब पाटे चढवायचं ठरवलं. टपावरचं पिंप खाली घेऊन दोन चाकांच्या मधे पट्ट्यांनी आवळलं, म्हणजे वळणावर डोक्याकडचं ओझं गाडीला ओढणार नाही. मनकर्णा लहानपणासारखी भात्यावर बसली. पाटा लाल झाला. कडूबानं तो सांडशीत धरला आणि क्षणभर थांबला. याला पक्कं पाणी दिलं की गाडी पुढची दहा वर्षं इकडं थांबायची नाही, हे त्याला ठाऊक होतं.

भात्यावरून मनकर्णा हळूच म्हणाली, "बा, पहिल्या सालीच मले समजलं होतं. लाल रंग उतरल्यावर तू पाटा इझवला होता."

कडूबाला वर बघवेना. "मग बोलली काऊन नाही?"

"मले बी माहेरी याचंच होतं ना."

बापाच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं ते पुसलं नाही, पाटा वेळेवर कुंडीत घातला. उरलेले सगळेही तसेच घातले. तिसऱ्या दिवशी इंद्रभाननं गाडी नाल्यातून नेऊन आणली. झोळीतली पोर जागीसुद्धा झाली नाही. त्याच दुपारी ते निघाले. यंदा कडूबानं चौथा दिवस मागितला नाही.

पुढच्या वर्षी दिवाळी झाली आणि सुभद्राबाईनं अंगण सारवलं. एका दुपारी रस्त्यावर ओळखीचा भोंगा वाजला. दोघं धावत बाहेर आली. लॉरीला त्या सांजेला चिखलीत तंबू ठोकायचा होता. ती जरा सावकाश झाली, खिडकीतून मनकर्णेनं पोरीला उचलून दाखवलं, काहीतरी म्हणाली, ते ऐकू आलं नाही. भट्टीपुढच्या खड्ड्यातून चाकं गेली आणि गाडी जराही कलली नाही. धूळ बसेपर्यंत दोघं उभी होती.

"थांबली काऊन नाही हो?" सुभद्राबाईनं विचारलं.

"थांबाले कारणच नाही ठेवलं मी," कडूबा म्हणाला.