मुरुमचा झेंडू आणि आत्याचा डोळा

"फुलं स्वतः जाऊन आण," कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या आणि मी त्याच संध्याकाळी मुरुमला जायला कपड्यांची पिशवी भरली. माझा एम.एस्सी.चा प्रकल्प! झेंडूच्या पाकळ्यांत ल्युटीन नावाचं पिवळं द्रव्य असतं, आपल्या डोळ्याच्या पडद्यातही असतं. ते पाकळ्यांतून काढायचं आणि पडद्याच्या पेशींना त्याचा आधार मिळतो का ते प्रयोगशाळेत पाहायचं. घरात पदवी घेतलेली मी पहिलीच, त्यामुळे ही बातमी फोनवरून मुरुमच्या आत्याला कधीच सांगून झाली होती.

धाराशिवहून तुळजापूर, नळदुर्ग करत एस.टी. येणेगूरला सोडते. बायकांना अर्धं तिकीट. नळदुर्गला गरम भजी खाऊन घ्या. पुढे मुरुमला काळीपिवळी, ती भरल्याशिवाय हलत नाही.

आत्याचं रान बघून मी ओरडलेच. काळ्या मातीत नुसता केशरी पट्टा! पण फुलाला हात लावू देईनात. "पहिला तोडा महादेवाचा, मग तुझा," आत्याचे यजमान, आमचे मामा म्हणाले. मग दुपारपर्यंत भाकरी आणि शेंगाचटणी.

हात धुवायला मागे गेले तर आत्या फडक्यात पाकळ्या पिळून रस डोळ्यात सोडत होत्या. डोळा लालभडक.

"आत्या, हे काय?"

"तूच म्हणलीस न्हवं, झेंडूनं डोळे वाचतात? आठ दिस झाले."

मामा हसले. "ट्रॅक्टरला घालायला आणलेला झेंडूचा हार हिनं डोळ्यात घातला!"

मला हसू येईना. आत्यांना साखरेचा आजार आहे. डॉक्टरांनी उन्हाळ्यातच पडदा तपासायला सांगितलेलं. "आता कशाला? घरचीच डाक्टरीण झाली की," म्हणून त्या गेल्याच नव्हत्या. फोनवर उत्साहात बोललेलं वाक्य माझंच होतं. मी त्यांच्यापुढे बसले. पडदा डोळ्याच्या पार मागे असतो, रस तिथं पोचत नाही, वर इजा मात्र होते, हे सांगितलं.

"म्हंजे तुझं औषध खोटं?"

"खोटं न्हाय. अजून झालंच न्हाय."

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत फुलांची पाटी आणि शेजारी आत्या.

"मावशी, फुलं तुळजापूरला?" कंडक्टरनं विचारलं.

"न्हाय, कॉलेजला. डोळ्यात घालायची न्हाईत म्हणं," आत्या म्हणाल्या. अख्खी गाडी बघायला लागली.

धाराशिवला डॉक्टरांनी थेंब घालून पडदा पाहिला. डाव्या डोळ्यात रक्त झिरपायला लागलंय, लेझर लवकर करा, नजर सांभाळता येईल, म्हणाले.

आता पाकळ्या आमच्या घरात सावलीला वाळतायत. काळा चष्मा लावून आत्या शेजारी बसल्यात.

"तुझं औषध यायला किती दिस?"

"वर्षं लागतील. येईलच असंबी न्हाय."

"मग तवर डोळे टिकवायला पायजेत. तू काय करतीस ते बघायचंय मला."

प्रयोगाची नवी वही उघडली. पहिल्या पानावर आधी त्यांच्या लेझरची तारीख लिहिली.