‘खंयचो?’ न विचारता दहा मिनिटं

सकाळी सात वाजून दहा मिनिटं. देवगड बंदरावरचा मासळीचा लिलाव संपलाय आणि किशोरी तारी पाटावर बसून कोळंबी सोलते आहे. नऊ वाजता तिची परीक्षा आहे, ऐकण्याची.

मुंबईच्या एका संस्थेने मानसिक आरोग्य सहायकांच्या प्रशिक्षणाला निधी दिला. पहिल्या तुकडीत दहा जणी. दहाच्या दहा उत्तीर्ण झाल्या, तरच कुणकेश्वरच्या दुसऱ्या तुकडीला पैसे मिळणार. नऊ जणी झाल्या. किशोरी दोनदा नापास.

तिची चूक एकच. समोर माणूस बसला की तिचा पहिला प्रश्न, “खंयचो? कोणाचो?”, म्हणजे कुठला, कोणाचा. या किनाऱ्यावर ओळख अशीच होते. तिसऱ्या प्रश्नाला नातं निघतं, चौथ्याला त्याची मावशी हिच्या ओळखीची ठरते. मग बोलणं मावशीपर्यंत जाईल या धास्तीने तो गप्प.

“आज तरी सोयरीक काढू नको गो,” शेजारी मासे विकणारी तिची जाऊ गंगू म्हणाली. “नायतर कुणकेश्वरात तुका पाय ठेवक मिळाचो नाय.”

“माका काय हौस आसा? तोंडच गप ऱ्हवणा नाय.”

“सोलताना बरा गप ऱ्हवता?”

किशोरीचा हात थांबला. नऊ वाजता ती अर्धी बादली कोळंबी घेऊनच वर्गात शिरली.

“हे काय?” प्रशिक्षक अनुजा सामंत यांनी विचारलं.

“हात कामात असले की मी गप्प असते, मॅडम. चालेल?”

अनुजांनी नियमांचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला. कोळंबीला मनाई नव्हती.

समोर महादू, दशावतारातला नट. परीक्षेपुरता झोप उडालेला खलाशी. दहा मिनिटं त्याला बोलतं ठेवायचं होतं. “माका झोप येणा नाय,” त्याने सुरुवात केली. किशोरी सोलत राहिली. चौथ्या मिनिटाला तो म्हणाला, “आमच्या तारकर्लीच्या घरात...” तारकर्ली किशोरीचं माहेर. तिने तोंड उघडलं, मिटलं, पुढची कोळंबी उचलली.

“बरा. मगे?”

दहा मिनिटांचं बोलणं चौदा मिनिटं चाललं.

“समोरचो टक लावून बघणा नसलो की बोलूक बरा पडता,” महादू अनुजांना म्हणाला. कागदावर मात्र ‘नजरेला नजर’ या रकान्यात दहापैकी शून्य पडलं. एकूण एकसष्ट. उत्तीर्ण व्हायला साठ लागत होते.

आकडा ऐकताच किशोरी महादूकडे वळली. “आता सांग. तारकर्लीत कोणाचो तू?”

“मी कुडाळचो. तारकर्ली मॅडमनी लिहून दिल्यानी.”

“मेल्या! चौदा मिनिटां जीव घशात घेऊन बसलंय मी!”

दुपारी अनुजांनी दहावं नाव संस्थेला कळवलं आणि तासाभरात होकार आला. उद्या, बुधवारी, सकाळी दहाला कुणकेश्वरच्या शाळेत दुसऱ्या तुकडीची नावनोंदणी आहे. मदतीला किशोरी आठ चाळीसच्या एसटीने जाईल. बाजारात तिची मासळीची पाटी गंगू सांभाळेल.