तीन फिल्टर आणि आक्काचं तोंड

माझं काम काय, हे घरच्यांना पटेल असं मला कधी सांगता आलं नाही. बेळगावात एका लहान कंपनीत मी संगणकावर वाद्यांचे आवाज बनवतो. कीबोर्ड वाजवणाऱ्यानं पट्टी दाबली की संगणकातून जो सूर निघतो, तो घडवायचा. त्यातही माझ्याकडे फिल्टरचा विभाग. आधी एक खरखरीत, सगळे सूर एकत्र कोंबलेला आवाज तयार करायचा आणि मग तो गाळायचा. त्यातलं काय ठेवायचं आणि काय दाबायचं, ते फिल्टर ठरवतो. निपाणीला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, हे मी एकदा चहाची गाळणी हातात घेऊन समजावलं होतं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे तू दिवसभर च्या गाळतोस. आन् त्याचा पगार देत्यात व्हय?"

तेव्हा तिला आवाज होता, आणि तो बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा. आक्का निपाणीच्या आठवड्याच्या बाजारात मिरची विकते. संकेश्वरी, बेडगी, थोडी लवंगी. भावजी गेल्यापासून त्याच एका जागेवर पोतं अंथरून बसते. मराठी गिऱ्हाइकाशी मराठीत भांडायचं, कन्नड गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये, आणि दोघांनाही आपण जिंकलो असं वाटायला लावून घरी पाठवायचं, हा तिचा धंदा. तिच्या मिरचीइतकंच लोक तिच्या बोलण्याला यायचे असं मी म्हटलं तर तिला राग येईल, पण ते खरं आहे.

मग तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. जीव वाचला, आवाज गेला. आता ती गळ्याला ठेवलेल्या भोकातून श्वास घेते. ओठ हलतात, जीभ हलते, बाहेर काहीच येत नाही. दवाखान्यातून तिला टॉर्चएवढं एक यंत्र दिलं होतं. ते गळ्याला टेकवून बटण दाबलं की घूं असा एकसुरी आवाज होतो आणि तोंड हलवलं की त्या आवाजाचेच शब्द होतात. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं होतं, एकेक शब्द सुटा बोला, सावकाश बोला. आक्कानं तसं बोलून पाहिलं. "मा-झं. ना-व." स्वतःचंच बोलणं ऐकून तिचा चेहरा उतरला. तिनं यंत्र ट्रंकेत टाकलं आणि पाटीवर लिहिलं, "हा माझा आवाज न्हाय. गिरणीचा हाय."

त्या दिवसापासून ती बाजारात गेली नाही. तिच्या शेजारी लसूण विकणारी बाई दर बाजाराला आपलं एक पोतं जास्तीचं अंथरून तिची जागा धरून ठेवायची. पण बाजारात रिकामी जागा किती दिवस टिकते? एका शनिवारी मी निपाणीला गेलो तेव्हा ती बाई घरीच आली होती. पाणी पिऊन झाल्यावर मला म्हणाली, "आण्णा, मी तरी किती दिस भांडू? परवा एक जण तागडी घिऊन येऊन बसलाच हुता. उठवला त्याला. पुन्हा आला तर?" आक्का मान खाली घालून ऐकत होती.

ती बाई गेल्यावर मी छाती काढून बोललो, "तुझा आवाज मी परत करतो." मला वाटलं, आवाज बनवणं हेच तर आपलं काम. बोलायला काय जातंय.

माझ्या फोनवर तिचे काही जुने निरोप होते. "जेवलास का रं?", "यष्टी चुकली न्हवं?" अशा थाटाचे. त्यांतून मी तिचे स्वर वेगळे काढले. प्रत्येक माणसाच्या तोंडाची पोकळी काही सूर उचलून धरते आणि काही गिळते. आ म्हणताना वेगळे, ई म्हणताना वेगळे. ते मोजले की फिल्टर बनवता येतो. मी तीन बनवले. पहिला साधा, संगणकावर भार न टाकणारा. दुसरा जुन्या तारांच्या सर्किटची नक्कल करणारा. तिसरा माझा स्वतःचा, ज्याच्या रचनेवर मी आधीच दोन वर्षं घालवली होती आणि ज्याचा मला फार गर्व होता. कुठला सूर किती उचलला याचे तिन्हींचे आलेख एकमेकांवर ठेवले तर एकच रेघ दिसायची. पण हेडफोन लावून ऐकलं की पहिला कोरडा लागायचा, दुसरा थोडा भरीव, आणि माझा, अर्थातच, सगळ्यांत गोड. दिवसभर मी आ, ई, ऊ ऐकत बसायचो. ऑफिसातले लोक माझ्याकडे बघून हसायचे.

पुढच्या शनिवारी ते तिन्ही घेऊन गेलो. आक्कानं डोळे मिटून ऐकले. पुन्हा लावायला लावले. मग पाटीवर लिहिलं, "तिन्ही बायका चांगल्या हायत. ह्यातली मी कंची?"

मी खजील झालो, पण हार मानली नाही. म्हटलं, चूक निरोपांची असणार. फोनवरचा आवाज आधीच चेपलेला असतो. तिचं तोंड प्रत्यक्ष मोजायला हवं. आणि त्यासाठी तेच ट्रंकेतलं यंत्र उपयोगी होतं. यंत्राचा आवाज ठराविक, न बदलणारा. तो गळ्यातून आत सोडायचा, ओठांसमोर माइक धरायचा, आणि तोंडानं त्याचं काय केलं ते नोंदवायचं. आक्का यंत्राला हात लावायला तयार नव्हती. मी म्हटलं, "बोलायचं न्हाय गं. नुसतं तोंड उघडून बसायचं. मोजमाप हाय." बोलायचं नाही म्हटल्यावर ती तयार झाली.

गच्चीवर गेलो, कारण खाली शेजारच्यांचा टीव्ही चालू होता. गच्चीभर मिरची पसरलेली. विकायची असो वा नसो, मिरचीला ऊन दाखवावंच लागतं, नाहीतर बुरशी धरते. एका कोपऱ्यात आक्काला स्टुलावर बसवलं, माइक लावला, लॅपटॉप पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवला. "आता आ कर. मी सांगेपर्यंत बटन सोडायचं न्हाय. आन् तोंड अजिबात हलवायचं न्हाय." तिनं आ केलं. आलेख सुरेख आला. मग ई. तोही आला. मग ऊ. ऊचा आलेख थोडा डगमगत होता, म्हणून तो नीट दिसावा अशा बेतानं मी लॅपटॉपवर नजर ठेवून दोन पावलं मागे सरलो.

"आरं ए, मिरचीवनं पाय काढ की!"

मी मागे वळून बघितलं. गच्चीवर आम्हा दोघांखेरीज कुणी नव्हतं. आक्का स्टुलावर, यंत्र गळ्याला, अंगठा बटणावर. मी सोडू नको म्हटलेलं बटण तिनं सोडलेलंच नव्हतं. आवाज तोच होता, गिरणीचा. एका सुरात, वर नाही, खाली नाही. आणि तरीही ते वाक्य दुसऱ्या कुणाचं असूच शकत नव्हतं. तो "ए" लांबवणं, तो "की"वर दिलेला झटका, "मिरचीवनं" म्हणताना शब्द दातांत पकडून फेकणं. माझ्या लहानपणापासून मी जे बोलणं खात आलो, ते बोलणं.

तिलाही कळलं. तिनं चटकन तोंडावर हात ठेवला, आणि यंत्र चालूच असल्यामुळे हाताखाली तो आवाज दबून मऊ झाला. तिनं हात काढला, आवाज मोकळा झाला. पुन्हा ठेवला. मी इतकी वर्षं संगणकावर जे करत होतो, ते माझी बहीण तळहातानं करत होती. मग हात बाजूला करून ती म्हणाली, "आजून काढला न्हाईस." मी पाय काढला. त्याखाली पाच-सहा बेडग्या भरडल्या गेल्या होत्या. मी खाली बसलो आणि मला रडू आलं. आक्का रडली नाही. तिनं भरडलेल्या मिरच्या वेचून पदरात घेतल्या.

माइक चालूच होता, म्हणून ते सगळं नोंदवलं गेलं. बेळगावला परतल्यावर मी ते वाक्य मोठं करून पडद्यावर पसरलं. आ, ई, ऊसाठी मी ज्या सरळ रेघा मोजत होतो, तशी एकही रेघ त्यात नव्हती. सगळ्या सळसळत होत्या. एका स्वरातून दुसऱ्यात जाताना तिची जीभ कुठेच थांबत नव्हती; "पाय" संपायच्या आत "काढ"ची तयारी सुरू झालेली. मी माझ्या तिन्ही फिल्टरना सांगितलं, असेच वळा. पहिला वळणावळणावर टकटक वाजायला लागला. दुसरा मागे पडला. आणि माझा लाडका तिसरा, स्थिर असताना सगळ्यांत गोड असणारा, तिसऱ्या शब्दालाच किंचाळून बंद पडला. फिल्टरची खरी परीक्षा तो हलताना होते, हे मी नवीन मुलांना शिकवतो. शिकवताना मला स्वतःला ते कळलेलं नव्हतं. आठवडाभर मी ते वाक्य ऐकत राहिलो. इतक्या बारीक, इतक्या वेगानं हलणाऱ्या त्या जिभेला कुणी गणित शिकवलं नव्हतं, आणि ती हे राग आल्यावर, विचार न करता करत होती. देवळात गेल्यावर जे वाटावं असं म्हणतात आणि मला सहसा वाटत नाही, ते मला त्या आलेखासमोर वाटलं.

पुढच्या शनिवारी मी तिला तिचंच वाक्य ऐकवलं. फिल्टर वगैरे काही न लावता. तिनं तीनदा ऐकलं. मग यंत्र आणायला स्वतः उठली. ते ट्रंकेत नव्हतंच, चुलीशेजारच्या फडताळात होतं, म्हणजे आठवडाभर वापरात होतं. तिनं ते गळ्याला लावलं. "मी लई भांडकुदळ हाय रं," ती म्हणाली. मग म्हणाली, "बाजाराला रजा काढ. पोतं उचलाया माणूस लागंल."

मी रजा काढली. लसूणवालीनं आम्हाला येताना पाहिलं आणि आपलं जादाचं पोतं गुंडाळून घेतलं. पहिलं गिऱ्हाईक कन्नड होतं. आक्कानं यंत्र लावून किती पाहिजे ते विचारलं, "येष्ट बेक्री?" त्या माणसानं दचकून तिच्या गळ्याकडे बघितलं, मग मिरचीकडे, मग किती हवी ते सांगितलं. यंत्राला मराठी येत नाही, कन्नडही येत नाही. त्याला घूं एवढंच येतं. मी मागे मिरचीच्या पोत्याला टेकून बसलो होतो आणि तिचं तोंड त्याच घूंमधून एकामागून एक दोन भाषा काढत होतं.

दुपारी बोरगावची एक बाई आली. दर वर्षी चटणीची मिरची आक्काकडूनच नेणारी. तिला काहीच माहीत नव्हतं. तिनं पिशवी उघडली आणि विचारलं, "औंदा संकेश्वरी तिखट हाय का गं?"

"तिखट हाय की," आक्का म्हणाली, "पर नुसती ही न्हेलीस तर..." आणि तिथं थांबली, कारण तागडी उचलायची होती, आणि तागडीला दोन हात लागतात. तिनं यंत्र पोत्यावर ठेवलं. मी तागडी घ्यायला पुढे झालो, तिनं नुसत्या डोळ्यांनी मला बसवलं. वजन टाकलं, मिरची घातली, दोन काढल्या, एक परत टाकली. एवढा वेळ वाक्य अर्धं राहिलं होतं. मला वाटलं, बाई आता पुढच्या दुकानाकडे बघेल, किंवा माझ्याशी बोलेल. ती हलली नाही. पिशवीचं तोंड धरून, आक्काच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

आक्कानं मिरची पिशवीत ओतली, हात पदराला पुसले, यंत्र उचलून गळ्याला लावलं.

"...रंग यायचा न्हाय. थोडी बेडगी मिसळ."

"मग घाल की," बाई म्हणाली.