पिवळी झाक

सोलापूरच्या एका कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवत असे आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. करत असे. उरलेला वेळ हे आपलं म्हणायचं. तो कधी उरत नसे. माझा विषय घरी कुणाला नीट समजावता आला नाही. सासूबाई शेजारणीला सांगत, "पोलादावर वीज सोडते म्हणे." ते अगदीच चूक नव्हतं. नायट्रोजनच्या अणूंना विजेचा भार द्यायचा आणि अशा भारित अणूंचा, म्हणजे आयनांचा, झोत पोलादाच्या तुकड्यावर जोरात आदळवायचा. ते वरच्या थरात घुसून बसतात आणि पृष्ठभाग कठीण होतो, असं परदेशातले लोक लिहीत होते. त्यांच्याकडे खोल्या भरून यंत्रं होती. आमच्याकडे काचेची एक हंडी, दोन पंप आणि विभागप्रमुख सर होते.

झोतासाठी हंडीतली जवळजवळ सगळी हवा काढावी लागे. त्यातच माझी उमेद जाई. तेलाच्या वाफेवर चालणारा पंप आतून गरम ठेवायला वीज हवी आणि बाहेरून थंड ठेवायला पाणी. वीज असे तेव्हा नळ कोरडा. नळाला पाणी आलं की वीज गेलीच. गच्चीवर पिंप बसवून घेतलं, तर एप्रिलात त्यातलं पाणी चहाला आधण ठेवल्यासारखं तापे. मध्येच वीज गेली की पंपाची झडप ताबडतोब बंद करावी लागे, नाहीतर तेलाची वाफ हंडीत शिरे. मग सगळं खोला, धुवा, पुसा, पुन्हा पहिल्यापासून. वर्गात पंखा थांबला की मी फळ्यावरचं समीकरण अर्धं टाकून जिन्याकडे धावत सुटे. मुलं हसत. मी पोचेपर्यंत बहुतेक वेळा व्हायचं ते होऊन गेलेलं असे.

हंडीत झोताच्या वाटेवर भोक असलेली एक चकती होती आणि तिच्यामागे तुकडा बसे. पितळ कापायला सोपं, म्हणून सरांनी ती लेथवाल्याकडून पितळेची करून घेतली होती.

अखेर एकदा वीज आणि पाणी दोघांनी दिवसभर साथ दिली. तुकडा बाहेर काढला तर त्यावर सुरेख पिवळी झाक. सर उडालेच.

"नायट्राइड, बाई! हा नायट्राइडचा रंग!"

"सर, लोखंडाचं नायट्राइड इतकं पिवळं असतं असं कुठं वाचलं नाही मी."

"पुस्तकात सगळं नसतं."

तपासणी व्हायच्या आतच त्यांनी एका बातमीदाराला गाठलं. पोलाद दुप्पट टिकाऊ करण्याची युक्ती आमच्या कॉलेजात सापडल्याचं छापून आलं. दुप्पट हे कुणी ठरवलं, ते मला आजही माहीत नाही.

त्या बातमीने भवानी पेठेतले एक चादरीचे कारखानदार पिशवी घेऊन दारात आले. पिशवीत मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यांची लोखंडी टोकं होती.

"बाई, ही लई लवकर झिजत्यात. तुमच्या मशिनीत घाला की जरा."

"अहो, तिच्यात एका वेळी नखाएवढी जागा असते."

"मग एकेक घाला की. आमाला घाई न्हाय."

मी नाही म्हणत राहिले. सरांनी स्वतः दोन टोकं आत घातली. तीही पिवळी होऊन आली.

दरम्यान मुंबईच्या एका संशोधन केंद्राने माझे तुकडे तपासायचं कबूल केलं. तिथं हेलियमचे आयन तुकड्यावर मारत. जड अणूवर आपटलेला आयन वेगात परततो, हलक्यावरचा मंदावतो. परतणाऱ्यांचा वेग मोजला की पृष्ठभागावर कोणते अणू आहेत ते कळतं. तिथल्या शास्त्रज्ञांनी आलेख माझ्यापुढे पसरला. लोखंडाचा उंच कडा होता आणि त्याच्या पुढे एक छोटं टेकाड.

"हे लोखंडाहून जड आहे. तांबं असावं, जस्तही असेल. बाई, तुमच्या यंत्रात पितळ कुठं आहे?"

मी चकतीचं सांगितलं. झोताची कड चकतीवर घासत होती, पितळेचे अणू उडवत होती आणि ते तुकड्यावर बसत होते.

"म्हणजे आम्ही पोलादाला मुलामा दिला?"

"फार सुंदर दिलाय," ते म्हणाले.

मला सरांचा राग आला, त्या चकतीचा आला आणि जिन्यावरच्या माझ्या सगळ्या धावपळीचा आला.

सरांनी आलेख पाहिला न पाहिल्यासारखा केला. "मुंबईवाल्यांना आपलं चांगलं बघवत नाही."

"सर, हेलियमला मुंबई-सोलापूर कळत नाही."

"पण छापून आलंय, बाई."

"मग चुकलं म्हणून पुन्हा छापा."

ते काही झालं नाही. फिजिक्सचं पितळ उघडं पडलं, असं मराठीचे प्राध्यापक स्टाफरूममध्ये म्हणाले आणि दिवसभर स्वतःवरच खूश राहिले.

कारखानदारांना निदान खरं सांगावं, म्हणून मी भवानी पेठेत गेले. मागांच्या खडखडाटात मला ओरडून बोलावं लागलं. "तो नुसता पितळेचा मुलामा होता! एव्हाना उडालाही असेल!"

त्यांनी धोटा काढून दाखवला. टोकावर पिवळेपणाचा ठिपकाही उरला नव्हता.

"रंग गेला की," ते म्हणाले, "पण गुण हाय. बाकीच्यांची कधी करताय?"

मी पुन्हा समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा तेच विचारलं.

मग मी तुकडा ज्या पोलादाचा, त्याच पोलादाची चकती करून घेतली. उडाले तरी लोखंडावर लोखंडाचेच अणू बसतील. उन्हाळा त्यातच गेला. आता तुकडे करडे ते करडेच निघत. मात्र हिऱ्याचं टोक दाबून पाहिलं की खूण झोत न दिलेल्या तुकड्यापेक्षा थोडी लहान उमटे, म्हणजे पृष्ठभाग कठीण झाला होता. प्रत्येक तुकड्यावर, दर वेळी. मी पुन्हा मुंबईला गेले. या वेळी आलेखात टेकाड नव्हतं.

परतल्यावर तशीच सरांकडे गेले. "सर, स्वच्छ आहे. वाढ थोडी आहे, पण खरी आहे."

त्यांनी करडा तुकडा उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला.

"मग यात लोकांना दाखवायचं काय, बाई?"

पुढच्याच आठवड्यात त्यांनी गच्चीवर सूर्यचुलीचा प्रयोग मांडला. पत्रकारांना बोलवायला ती बरी होती. जाताना त्यांनी प्रयोगशाळेची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. मी दार आतून लावून घेतलं आणि नवा तुकडा घासायला बसले.