ताईची साडेचार वर्षं

आज, बुधवार, १९ नोव्हेंबर, पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी मी मामांच्या पायांना तेल लावत होतो.
पाय गार लागले म्हणून वर बघितलं.
मामा गेले होते.

ताई आल्याशिवाय उचलायचं नाही असं ठरलंय. ती पुण्याच्या विमानात आहे. फोन लागत नाही.
बाहेर पाहुणे घड्याळ बघतायत. मला काही सुचत नाही, म्हणून लिहितोय.

माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो. मी मूळचा कुंडलचा. दहावी नापास झालो तेव्हा मामा मला इकडं सातारा जिल्ह्यात औंधजवळ घेऊन आले आणि बोर्ड रंगवायचं काम शिकायला लावलं.
मामा फौजेतले रिटायर्ड हवालदार. ताई त्यांची एकुलती एक मुलगी. तीही फौजेतच, डॉक्टर. लेफ्टनंट कर्नल.

मामांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा मी त्यांना डायलिसिसला साताऱ्याला न्यायचो.
गाडीत विषय एकच. ताईची सर्विस.

"येत्या जुलैत वीस वर्सं भरत्यात. पेन्शन बसली की पोरगी घरला. तवर मला ढकलत ने, गड्या."

ही वीस वर्षं ते ताई लष्कराच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाली त्या दिवसापासून धरत होते.
आमच्याकडं सगळे तसंच मोजतात. पोरगा भरती झाला, अंगावर वर्दी आली, की सर्विस चालू. ट्रेनिंगचे महिनेसुद्धा धरतात. घरटी एक जवान असलेल्या गावात वेगळं कोण सांगणार?

सप्टेंबरात त्यांनी रस्त्याकडेच्या खोलीला रंग दिला आणि मला बोर्ड करायला सांगितला.
दवाखान्याचा. वर ताईचं नाव, मग हुद्दा, खाली 'निवृत्त'.

खात्री केल्याशिवाय मी बोर्डावर अक्षर काढत नाही. ताईला फोन लावला. हुद्दा पूर्ण लिहायचा का, आणि निवृत्ती नक्की कधी?



"कॉलेजची साडेचार वर्षं धरत नाहीत रे. कमिशन मिळालं, ऑफिसर झालो, तिथून मोजतात. पगारवाढ, पेन्शन, सगळं तिथून. कॉलेजात आम्ही नुसते विद्यार्थी."

"म्हणजे जुलैत नाही?"

"अजून पाच वर्षं. वर थोडे महिने."

"मामांना ठाऊक नाही?"

"मोजू दे त्यांना. मी जुलैत येतेच आहे. राजीनामा देते, पेन्शन गेली तर गेली. तू मध्ये बोलू नकोस."

मामांकडं पाच वर्षं नव्हती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.
आणि ताईच्या पदरात सातवीतली मुलगी. दुसरं कुणी नाही.

बोललो तर मामांचा जुलै जाणार. नाही बोललो तर ताईची जन्माची पेन्शन.
एका घरच्या वास्तुशांतीच्या बोर्डावर तारीख चुकली. माझी कधी चुकत नाही.

शेवटी डायलिसिसहून परतताना, रहिमतपूरच्या अलीकडं, सांगून टाकलं.

"कोन म्हनतंय?"

"ताईच म्हणाली."

"आमी नऊ म्हैनं लेफ्ट-राईट केलं, ते धरलं. आन ती साडेचार वर्सं मढी फाडून शिकली, ती फुकट? ह्यो कुठला न्याय रं?"

मग एकदम म्हणाले, "गाडी घे कडंला."
मला वाटलं उलटी होतेय. पिशवी पुढं केली. त्यांनी ती ढकलली, फोन मागितला आणि ताईला स्पीकरवर लावायला लावला.

"जयहिंद, कर्नलसाब. हवालदार बोलतोय."

"बाबा? काय झालं? बरं वाटत नाही का?"

"राजीनामा दिलास?"

"...लिहून ठेवलाय."

"फाड."

"बाबा, पाच वर्षं आहेत अजून."

"मला न्हाईत. ठावं हाय मला. तुला हायत की. माज्यासाटनं पोरीच्या तोंडचा घास सोडायचा न्हाई."

ताई रडत होती. एवढी मोठी ऑफिसर.
"मला तुमच्याजवळ यायचंय."

"ये की! नगं कोन म्हनतंय? सुट्टी काडून ये. कायमची येऊ नगंस."

फोन माझ्या मांडीवर टाकला. खिडकीबाहेर बघत बसले.
"तुला तोंड आवरत न्हाई व्हय रं?"
मी गाडी चालू केली.
"चल, चा पाज. फुल कप. आन मामीला सांगू नगंस."

पाण्यावर बंधन होतं त्यांना. तरी पाजला.

त्यानंतर गाडीत सर्विसचा विषय कधी निघाला नाही. उसाचे भाव, रस्त्यातले खड्डे, असलंच काहीतरी.
ताईची सुट्टी डिसेंबरात मंजूर होती. मामा तेवढे थांबले नाहीत.

पहाटेपासून डोक्यात एकच घोळतंय. तोंड बंद ठेवलं असतं, तर मामा जुलै मोजत मोजत गेले असते.
मी त्यांना मोजायला काहीच ठेवलं नाही.
आणि ताईनं तरीही राजीनामा दिला असला तर?

आत्ता फोन आला. ताई गाडीत आहे, आपल्या साताऱ्याकडच्या खंडाळ्याच्या पुढं आली.
आधी विचारलं, "त्रास झाला का रे त्यांना?"
नाही म्हणालो. खरंच नाही झाला.

विचारायची ही वेळ नव्हती, तरी विचारलं. "ताई, राजीनामा?"

"त्याच दिवशी फाडला. तुकड्यांचा फोटो मागवून घेतला त्यांनी. तुला दाखवला नाही?"

नाही दाखवला.
मामींना विचारलं. रोज झोपताना बघायचे म्हणाल्या.

मामा, ताई येतेय. वीस दिवसांची सुट्टी काढून.
कायमची नाही.

जयहिंद, मामा. भाच्याचा शेवटचा रामराम घ्या.