आईच्या मेसेजखालचे अंगठे

माझा फोन म्हातारा झाला होता, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. चार्जरची वायर एका ठरावीक कोनात धरली तरच तो चार्ज व्हायचा. हेडफोनचं भोक केव्हाच निकामी झालं होतं. कानाला लावला की स्क्रीन काळी पडून आवाजच बंद. म्हणजे काही ऐकायचं असेल, तर ते आजूबाजूच्या सगळ्या जगाला ऐकवूनच ऐकायचं. नवरा म्हणायचा, नवीन घे. मी म्हणायचे, चालतोय तोवर चालवू. याला काटकसर म्हणायचं की चिकटपणा, ते ज्याच्या त्याच्या स्वभावावर आहे.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते. कंपनीनं हजेरीचं अ‍ॅप बदललं आणि माझ्या फोननं हात वर केले. नवीन अ‍ॅप काही केल्या उतरेना. ‘पुरेसं स्टोरेज नाही’ अशी पाटी यायची नि गोल फिरणारं चक्र थांबायचं. गेटवरचा सुरक्षारक्षक रोज मला बाजूला उभं करून म्हणायचा, "मॅडम, फोन खाली करो ना थोडा, कितना भर के रखा है." बाकीच्या पोरी पटापट हजेरी लावून आत जायच्या आणि मी कागदावर सही करत बसायचे. एक दिवस मला फार राग आला. जेवणाच्या सुट्टीत लॉकरमधून फोन काढला, कँटीनच्या कोपऱ्यात बसले आणि ठरवलं, आज याच्या पोटातलं सगळं काढायचंच.

अशा साफसफाईत मी निर्दय आहे. घरातले जुने डबेसुद्धा मी मागेपुढे न पाहता भंगारवाल्याला देते. पाककृतींचं अ‍ॅप गेलं, रेल्वेच्या वेळापत्रकाचं गेलं, एकदाच वापरलेलं फोटो गोरे करणारं अ‍ॅप तर सगळ्यात आधी गेलं. मग व्हॉट्सअ‍ॅप उघडलं. कुणामुळे किती जागा अडली आहे हे ते उतरत्या क्रमानं दाखवतं. मला वाटलं, पहिला नंबर नातेवाइकांच्या ग्रुपचा असणार, तिथं रोज गुलाबाच्या फुलावर सुविचार येतात. तो दुसरा होता. पहिली आई होती.

माझी आई सातपाटीची. पालघरच्या मासळी बाजारात तिचा ओटा आहे. आहे म्हणायची सवय गेलेली नाही, होता. हा ओटा तिला तिच्या सासूकडून मिळाला, सासूला तिच्या सासूकडून. आमच्याकडे ओटा सुनेच्या हाती जातो, लेकीच्या नाही, कारण लेक दुसऱ्या घरी जाते. आईला मी एकटीच. म्हणजे सून नाही. बाबा गेल्यावर लोक तिला विचारायचे, तुझ्यामागं ओट्यावर कोण बसणार? ती म्हणायची, आधी मला तर उठू दे.

आईला वाचता येत नाही, त्या भरवशावरच मी हे लिहिते आहे. पण बोलायला तिला कुणाची मदत लागत नाही. फोनवरचं माइकचं बटण दाबून बोललं की पोरीकडे पोचतं, हे कळल्यापासून तिचे मेसेज सकाळी सकाळी यायला लागले. ओट्यावर पाटी मांडून झाली की गिऱ्हाईक यायच्या आधी ती मला बोलायची. ‘बाय, आज बोंबील बग कसा हाय, पान्यावानी.’ मग त्या बोंबलांचा हलता व्हिडिओ, त्यात अर्धा वेळ तिचं बोट. ‘मोठा सरंगा ठेवलाय तुला, जावयाला सांग संध्याकाली येऊन घेऊन जा.’ अमक्या गिऱ्हाइकानं घासाघीस केली, तमकीनं भांडण काढलं, सकाळची एसटी शिरगावलाच बंद पडली.

हे सगळं मला कसं माहीत? सुरुवातीचे मेसेज मी ऐकले होते. नंतर काय झालं ते सांगायला मला आता लाज वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती, हेच तर आहे. मेसेज यायचा तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये असायचे. शेजारी आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम, मागे नवीन आलेल्या पोरी. फोन फक्त मोठ्यानं बोलणारा. एकदा मी मेसेज लावला आणि आईचं हाय-नाय सगळ्या बसनं ऐकलं. एक पोरगी हसली. ती आईला हसली की दुसऱ्याच कशाला, मी विचारलंही नाही. त्या दिवसापासून मी बसमध्ये आईला ऐकणं बंद केलं. घरी गेल्यावर ऐकू, असं म्हणायचे. आणि ती वाट बघत बसेल म्हणून लगेच खाली एक अंगठा पाठवून द्यायचे. अंगठा मिळाला की ती खूश. घरी गेल्यावर भात, भांडी, नवऱ्याची शिफ्ट. राहून जायचं ते जायचंच.

तर कँटीनमध्ये मी आईच्या नावावर टिचकी मारली. बोंबलांचे व्हिडिओ, सुरमईचे फोटो, बंदरावरच्या लिलावाचा गोंगाट, आणि तिच्या आवाजाच्या निळ्या-करड्या रेघांचे मेसेजच मेसेज. सगळे निवडले. डिलीट करायचं का, असं फोननं विचारलं. विचारायचं त्याचं कामच आहे. मी हो म्हटलं. चक्र फिरलं आणि फोन असा हलका झाला की विचारू नका. हजेरीचं अ‍ॅप दणक्यात उतरलं. समोर बसलेल्या मैत्रिणीला मी विजयी चेहऱ्यानं दाखवलंसुद्धा.

मग सहज आईचं चॅट उघडून पाहिलं. तिचं बोलणं सगळं गेलं होतं. माझं मात्र राहिलं होतं. एकाखाली एक, एकाखाली एक, माझे पिवळे अंगठे. वर सरकवत गेले तरी तेच. मधे एक शब्द नाही, कशाला होकार देते आहे त्याचा पत्ता नाही. आणि मग लक्षात आलं, शेवटचा अंगठा आजचा नव्हता, कालचाही नव्हता. आईचा मेसेज येऊन बरेच दिवस झाले होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

तिथूनच फोन केला. "आई, बरी आहेस ना? मेसेज नाही तुझा."

"आता काय पाठवू?" ती म्हणाली. "बाजारात कुटं जाते मी? तूच तर सांगितलंस ना."

मी काय सांगितलं होतं? विचारायला हवं होतं. मी म्हटलं, "हो हो." आणि रविवारी येते म्हणून फोन ठेवला.

रविवारी बोईसरहून उमरोळीमार्गे पालघरला उतरले. सातपाटीला घरी जायच्या आधी बाजारात शिरले. आईच्या ओट्यावर माझ्या चुलत भावाची बायको बसली होती. आईचा कोयता, आईची फळी, पाटीवरचं ओलं फडकंही आईचंच. मला पाहून वहिनी उठली आणि पदराला हात पुसत म्हणाली, "तुमचे लय उपकार हायत. काकी देत नव्हत्या, पन तुमी बोललात म्हनून दिला." तिनं मला दोन पापलेटं पिशवीत घालून दिली. मी ती घेतली. नको म्हणायला तोंड उघडलं असतं, तर त्यातून बाकीचंही काय काय बाहेर पडलं असतं.

घरी आई ओटीवर पाय पसरून जवळा निवडत होती. एरवी रविवारी, बाजाराच्या मोठ्या दिवशी, ती या वेळी घरात कधी दिसायचीच नाही. शेजारची काकू तिच्यासोबत होती. मला बघताच काकू म्हणाली, "आली बग तुजी लेक. आळीत सगली बोलतात, लेक असावी तर अशी. आमच्या पोरांना आमच्या गुडघ्यांचं काय पडलेलं नाय."

आईचा चेहरा फुलला. "मी काय उगाच सोडला?" ती म्हणाली. "लेकीला विचारलं. ती शिकलेली, तिला कलतं. ऐक, तुला ऐकवते." आणि तिनं फोन काढला. तिच्या फोनमध्ये सगळं होतं. मी पुसलं ते फक्त माझ्याकडचं. मेसेज कुठं आहे हे तिला पाठ होतं. किती वेळा काढून ऐकवला असेल आतापर्यंत, देव जाणे.

मी तो मेसेज पहिल्यांदा ऐकला तो असा, शेजारणीसमोर, आईच्या हातातल्या फोनवर.

"बाय, ऐक. तुजी वहिनी ओटा मागते. माजे गुडघे दुखतात ते खरं हाय, एसटीत चढवत नाय. पन घरात बसून मी काय करू? बाजारात चार मानसं भेटतात. तू नको म्हनालीस तर मी बसेन अजून, तिला काय ते माजं मी सांगेन. दे म्हनालीस तर देईन. तू नीट विचार कर नि मंग सांग. घाई नाय."

खाली माझा अंगठा. तिला एवढं बोलायला जो वेळ लागला, तेवढाही वेळ मी घेतला नव्हता.

"बगितलंस?" आई काकूला म्हणाली. "लगेच. एक मिनिट नाय लावलं. म्हटलं, लेकीच्या मनात हे कदीचं असनार, मला बोलत नव्हती." काकूनं माझ्या गालावरून हात फिरवला. त्या हाताला सुक्या मासळीचा वास होता. मी खाली मान घालून बसले आणि तिला वाटलं, मी लाजले.

काकू गेल्यावर आई जवळ्याकडे वळली. निवडता निवडता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तरी मी दोन दिवस थांबले हां. म्हटलं, रात्री विचार करून फोन करशील, नको देऊ म्हनशील. मंग नाय आला तुजा फोन. मंग वहिनीला ओट्यावर बसवली, आणि पयली भवानी मीच केली. तिच्याकडून बोंबील घेतले."

हे ऐकवेना. एखाद्यानं तिच्या जागेवरून तिला उठवलं असतं, तर मी भांडले असते. मला भांडता येतं, कंपनीत माझी त्यासाठी ख्याती आहे. इथं भांडायचं कुणाशी?

"आई," मी म्हटलं, "मी तो ऐकला नव्हता."

"कुठला?"

"हा. आणि आधीचेही बरेच. बसमध्ये असायचे. न ऐकताच अंगठा पाठवायचे."

लोकांना माझा तो मोठ्यानं बोलणारा फोन आवडत नाही, त्याची स्क्रीन काळी पडते, अशी कारणं मी मनात तयार ठेवली होती. त्यातलं एकही तोंडावर आलं नाही. बसमधली पोरगी हसली ते तर मी तिला आजही सांगितलेलं नाही.

आई जवळ्यातला बारीक खेकडा शोधून बाजूला टाकत राहिली. एक, मग दुसरा. "मागं परत एक सरंगा ठेवलेला, त्याचापन नाय ऐकला?" तिनं विचारलं.

"नाही."

"म्हनून आला नाय जावय. मी संध्याकालपरेंत विकला नवता तो."

मला रडू आलं. मी म्हटलं, "मी आत्ता जाते बाजारात. वहिनीच्या पाया पडते, चूक माझी होती म्हणून सांगते. ती समजून घेईल. तू उद्यापासून परत बस."

"नाय," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. गिऱ्हाइकाला एकच भाव सांगून ती गप्प बसते, तसं ते ‘नाय’ होतं. "भवानी झाली तिची. माज्याच हातानं झाली. आता उठवायची नसते." आमच्यात हे असंच आहे, मलाही ठाऊक होतं. ज्या बाईनं ओटा दिला तिनंच पहिली मासळी विकत घेतली की ओटा गेला. मग रडून उपयोग नाही, भांडून नाही, पाया पडून तर नाहीच.

मी तिच्या शेजारी बसून जवळा निवडायला लागले. मला ते नीट येत नाही, कचरा राहतो. तिनं माझ्या ढिगातला कचरा काढला. बाहेर कुणीतरी मोठ्यानं गाडीचा हॉर्न वाजवला. आई तिकडे बघत होती. तिनं नंतर फोन उचलला, तो मेसेज अंगठ्यासकट एकदा बघितला आणि फोन पालथा ठेवला.

"बाय," ती हळूच म्हणाली, "काकूला हे बोलू नको हां. आळीत कुनालाच बोलू नको. मी सगल्यांना सांगितलंय, माज्या लेकीनं मला घरात बसवलं म्हनून."

नाही बोलणार, मी म्हटलं.